धक्का खचला नव्हता

भूकंप सकाळी झाला, जेमतेम मिनिटभर. भिंतींना तडे गेले, कपाटं आडवी झाली, पण गावात जीव कुणाचा गेला नाही. त्यानंतरच्या पहिल्याच भरतीला मात्र बंदराच्या धक्क्यावर घोटाभर पाणी चढलं. बावीस वर्षांत तिथं कधी लाट टेकली नव्हती.

धक्का खचला, असं बंदराच्या साहेबांनी जाहीर करून टाकलं. तो बावीस वर्षांपूर्वी बांधला होता गावातल्याच मिस्त्रींनी, त्यामुळे बोट कुणाकडे रोखलं होतं हे वेगळं सांगायला नको होतं. सत्तरी ओलांडलेले मिस्त्री कुणाशी भांडले नाहीत. चहाच्या दुकानात जायचं तेवढं त्यांनी सोडलं.

त्यांची मुलगी जमीनमोजणीच्या खात्यात होती. ऐकल्या ऐकल्या रजा टाकून, उंची मोजायची दुर्बीण घेऊन ती घरी आली. मिस्त्रींनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आधी मोज, मग बोल," ते म्हणाले. "चूक माझी निघाली तर चारचौघांत सांग. बाप म्हणून झाकू नकोस."

तिनं धक्क्याची दोन्ही टोकं मोजली. बोटभराचाही फरक नव्हता. मग बंदराचं गोदाम, खालची गल्ली, दवाखान्याची पायरी. जुन्या नकाशात धक्का या सगळ्यांपेक्षा जितका उंच किंवा सखल होता, तितकाच आजही होता. म्हणजे एकटा धक्का खाली गेलेला नव्हता. ती थांबली नाही. गावामागच्या डोंगरातल्या खडकावर मोजणीची जुनी खूण होती, तिथपर्यंत चार किलोमीटर ती टप्प्याटप्प्यानं मोजत गेली. तीन दिवस लागले. आकडा आला तेव्हा तिनं तो वहीत दोनदा तपासला. डोंगराच्या मानानं अख्खा किनारा दीड फूट खाली बसला होता.

शाळेच्या सभागृहात तिनं हे मांडलं, तेव्हा साहेब हसले. मुलगी बापाचीच बाजू घेणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मुलगी त्यांचीच आहे मी," ती म्हणाली. "म्हणून तर दोनदा मोजलं. दुसऱ्या वेळी आकडे तुमच्याच कारकुनानं वाचलेत. विचारा त्यांना."

कारकुनानं मान डोलावली. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मग खालच्या गल्लीतल्या मासेवाल्या मावशींनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. गाव आता समुद्रात जाणार का?

"नाही, मावशी," ती म्हणाली. "जमिनीखालचे खडक एकमेकांना रेटत असतात. त्या रेट्यानं काठ वर्षानुवर्षं हळूहळू उचलला जातो. भूकंपात ताण सुटला की तो खाली बसतो. बसायचं ते त्या मिनिटातच बसलं. गाव घसरत समुद्रात जात नाही. पण बसलेली जमीन उद्या वरही येणार नाही. नऊ दिवसांनी पौर्णिमेचं उधाण आहे. तुमच्या गल्लीत पाणी शिरेल."

कुरकुर झाली, वादही झाले. पण मावशींनी स्वतःचं बिऱ्हाड आधी हलवलं, आणि त्यांच्यामागे चाळीस घरं वरच्या आळीत गेली. पौर्णिमेला भर दुपारी खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं. उंबऱ्यांवरून आत गेलं, रिकाम्या खोल्यांतून फिरलं आणि ओहोटीबरोबर परत गेलं. माणूस सोडा, कोंबडीसुद्धा सापडली नाही त्याला.

संध्याकाळी साहेब मिस्त्रींच्या घरी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, की आपण घाईनं बोललो. एवढा किनारा खाली गेला आणि धक्क्याचा एक चिरा हलला नाही, असं दुसरं काम आपण पाहिलेलं नाही, असंही म्हणाले. मिस्त्रींनी त्यांना बसवून घेतलं. स्वतःच्या कामाबद्दल ते एवढंच बोलले की चुना चांगला होता. मुलीबद्दल मात्र चहा गार होईपर्यंत बोलत राहिले. तीन दिवस ती उन्हात कशी उभी होती आणि एका आकड्यासाठी दोन किलोमीटर मागे कशी गेली, ते सगळं सांगितलं. ती आत खुर्चीवर बसून ऐकत होती. बाहेर यायची तिला लाज वाटली.

पुढच्या महिन्यात खात्यानं शेजारच्या पाच गावांचा किनारा मोजायचं काम तिच्याकडे दिलं. दुर्बिणीसमोर मोजपट्टी धरायला माणूस हवा होता. मिस्त्रींनी टोपी घातली आणि तिच्याआधी गाडीत जाऊन बसले.