कोरडा हापसा

"मिस्त्री कुठं हायेत?" चतुराबाईनं गाडीत डोकावून विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. राजूरच्या पुढे चहासाठी गाडी थांबली होती. चतुराबाई तोंडावर पाणी मारायला हॉटेलाच्या मागं गेली, तेव्हा तिचा नवरा रामकिसन खिडकीशी बसलेला होता. पाच मिनिटांत ती परत आली, तर जागा रिकामी.

"आत्ता तर होते मावशी," बेबीनंदा म्हणाली. विहाराच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. ही सहल तिनंच काढलेली. "लांब न्हाई जायचे. बघू आपण."

पण चतुराबाई तशीच रस्त्याकडं धावली. रामकिसनला आता स्वतःचं नावही कधी सांगता येई, कधी नाही.

एकतीस वर्षं तो पंचायत समितीत हातपंपांचा मिस्त्री होता. कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीत कुठल्या वस्तीवर किती फुटांवर पाणी लागलंय, हे त्याला तोंडपाठ. अजिंठ्याची लेणी बघायची त्याची इच्छा लग्नाच्याही आधीची. विहारातली माणसं दर बुद्धपौर्णिमेला गाडी करून जात. पण बुद्धपौर्णिमा येते ऐन वैशाखात, आणि वैशाखातच गावोगावचे हापसे बंद पडत. "बाया उन्हात घागरी घिऊन बसल्यात, मी बुद्ध बघायला जाऊ का?" तो म्हणायचा. "पुढल्या साली बघू." असं करत नोकरी संपली. मग दोन-तीन वर्षांतच एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी पान्यांची नावं, मग लेकींची, मग घरचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. तेव्हा चतुराबाईनं ठरवलं, सगळं पुसून जायच्या आत ह्या माणसाला लेणी दाखवायची. सकाळी तिनंच त्याच्या पांढऱ्या शर्टाची बटणं लावून दिली होती. त्याची बोटं थरथरायची.

गाडीतले सगळे शोधायला पांगले. तास गेला. ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांना अजिंठा गाठायचा होता, पण कुणी शोध सोडला नाही. विहीर तर नसेल कुठं जवळपास, हा विचार चतुराबाईच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात एक पस्तिशीचा माणूस मोटारसायकलवर आला. सहलीच्या गाडीवरचा निळा झेंडा बघून त्यानं ब्रेक लावला.

"तुमच्यातले कुणी बाबा चुकलेत का? उंच, पांढऱ्या कपड्यांतले?"

"हायेत का? बरे हायेत का?"

"बिलकुल बरे हायेत. आमच्या घरी हायेत, आईपाशी. बसा मावशी मागं."

त्याचं नाव श्रेणिक. शेजारच्या गावात त्याचं खता-बियाण्याचं दुकान. वाटेत त्यानं मान मागं वळवून सांगितलं, "आमच्या अंगणात जुना हापसा हाये. तो बघून बाबा थेट आत आले. म्हणले, कंप्लेंट आल्ती. आई म्हणली, हो, मीच दिल्ती. मंग त्यांनी पाना मागितला."

"नादुरुस्त हाये का हापसा?"

"बोरच कोरडा पडलाय मावशी, दहा सालं झाली. मी सांगणार होतो, पण आईनं डोळ्यानंच गप केलं."

अंगणात रामकिसन हापशाचं झाकण उघडून उकिडवा बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस माखलेलं. साखळीचे दुवे तो एकेक करून पुसत होता आणि त्याची बोटं जराही थरथरत नव्हती. शेजारी श्रेणिकची आई, इचरजबाई, डोक्यावर पदर घेऊन उभी. सत्तरीच्या पुढची बाई. दोन्ही हातांनी छत्री धरून त्याच्यावर सावली करत होती. पायरीवर घरातल्याच कपबशीत चहा निवत होता. चतुराबाईची नजर त्या कपावर थांबली. नोकरीच्या सुरुवातीला काही गावांत ह्याच माणसानं हापसा चालू करून दिला, तरी त्याला पाणी वरून ओंजळीत ओतायचे.

"अहो," ती जवळ जाऊन म्हणाली. "चला. गाडी थांबून राह्यली. अजिंठ्याला जायचंय ना?"

रामकिसननं वर पाहिलं. अनोळखी माणसाकडं बघून हसावं तसा तो हसला.

"बाई, जरा दम धरा. एवढी साखळी बसू द्या. मंग पाणीच पाणी."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला 'बाई' म्हटलं नव्हतं. तोंडावर पदर दाबून ती बाजूला झाली. आज ना उद्या असं होणार हे तिला ठाऊक होतं. फक्त ते लेण्यांनंतर व्हावं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

श्रेणिक हळूच म्हणाला, "मावशी, मी कार काढतो. तुमच्या गाडीच्या बराबरच पोचू आपण. बाबांना उठवा."

चतुराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ओठात काहीतरी गुणगुणत तो बोल्ट आवळत होता. कितीतरी महिन्यांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं.

"नको भाऊ," ती म्हणाली. "काम अर्ध्यात असताना मी त्यांना कधी उठवलं न्हाई. गाडीला म्हणावं, तुम्ही जा."

श्रेणिकनं बेबीनंदाला फोन लावून दिला. संध्याकाळी मीच ह्यांना घरपोच सोडीन, असंही त्यानं आपणहून सांगितलं.

दुपार कलली. रामकिसननं झाकण बसवलं, हात चिंधीला पुसले आणि मोकळ्या अंगणाकडं बघून हाक दिली, "चला, घागरी आणा! गर्दी करू नका, नंबर लावा."

इचरजबाईनं छत्री मिटली. ती आत गेली आणि दोन घागरी घेऊन आली. एक तिनं चतुराबाईच्या हातात दिली.

चतुराबाईनं डोळे पुसले, हापशाखाली घागर लावली आणि कडेला उभी राहिली. तिच्यामागं, आपली घागर कमरेवर घेऊन, इचरजबाई नंबरात उभी राहिली.

रामकिसननं दोघींकडं पाहून मान हलवली आणि दांडा दाबायला घेतला.