कुत्र्यांना मनाई करणारी पाटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. कुत्र्यांशी माझी ओळख फार जवळची, कारण त्यांना हाकलण्यासाठीच माझा जन्म झाला.

एकाहत्तर साली कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याने कामगारांसाठी तीन मजली इमारत बांधली. मळ्यातली माणसे तिथे राहायला आली आणि त्यांच्यामागे त्यांची कुत्रीही आली. रात्रपाळीची माणसे दिवसा झोपत, तेव्हाच कुत्री जिन्यात भुंकत. शेवटी इमारतीचे सेक्रेटरी, टाइमकीपर रंगनाथराव यांनी डांबराच्या पिंपाचा पत्रा कापून घेतला. बन्सी पेंटरने त्यावर लिहिले, ‘कुत्री पाळण्यास सक्त मनाई आहे.’ मला जिन्याच्या तोंडाशी ठोकले, तेव्हा मी ऐटीत होते. येणारा-जाणारा मला वाचूनच वर चढे.

हळूहळू सगळी कुत्री गावी गेली. रस्त्यावरची भटकीही वॉचमनच्या काठीने पळाली. उरला एकटा भुऱ्या. माझ्यासमोरच्या खोलीत फिटर मच्छिंद्र आणि त्याची बायको चांगुणा राहत. म्हातारा भुऱ्या त्यांचा. रंगनाथरावांनी बजावले, “चंपाषष्ठी झाली की कुत्रं तरी जाईल, न्हाईतर खोली तरी!” मच्छिंद्रने त्याला देवळालीला भावाकडे धाडायचे ठरवले. चांगुणाच्या घशाखाली घास उतरेना. दाराआड ती भुऱ्याला कुरवाळत बसे. तेव्हा प्रथमच मला माझ्या अक्षरांची लाज वाटली.

चंपाषष्ठी उजाडली. घरोघरी वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे झाले, खंडोबाची तळी भरली. कुत्रा खंडोबाचा सोबती; आता त्या देवाच्या कुत्र्याला आधी घास द्यायचा आणि मग माणसांनी जेवायचे. बायका ताटे घेऊन खाली उतरल्या, आणि सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आले. घास द्यायला कुत्रे होते कुठे? एक भुऱ्या होता, पण त्याला मागायचे तोंड कोणाला नव्हते.

रंगनाथरावांच्या आई आक्काबाई खंडोबाच्या नवरात्रामुळे सहा दिवसांच्या उपाशी. त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. “कुत्र्यानं तोंड लावल्याबिगर मी पान्याचा थेंबबी घेनार न्हाई!”

झाले! सेक्रेटरीसाहेब धोतराचा सोगा धरून उसाच्या कडेने “यूऽ यूऽ” करीत हिंडले. एरवी हाकलले तरी न हलणारी जात, आज एक शेपूट दिसेल तर शपथ! ऊन डोक्यावर आले, पोरे भुकेने कुरकुरू लागली. मला मात्र हसू आवरेना. अखेर घामाघूम होऊन रंगनाथरावांनी चांगुणाची कडी वाजवली.

“चांगुणाबाई, जरा भुऱ्याला...”

चांगुणा दारात आली. तिने माझ्याकडे बोट दाखवले. “भाऊसाहेब, तुमीच लिवलंय न्हवं?”

रंगनाथरावांनी पायरीवरच्या आईकडे हात केला. चांगुणाने म्हातारीचा सुकलेला चेहरा पाहिला आणि भुऱ्याला बाहेर आणले. त्याने आधी आक्काबाईंच्या हातचा रोडगा खाल्ला, मग ताटामागून ताट हुंगत सगळ्यांची सोडवणूक केली.

आक्काबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “रंगा, देवाचं कुत्रं वर्सातून एकच दिस लागतं व्हय रं? बाकीचे दिस त्यानं कुठं जावं?”

रंगनाथरावांनी तिथल्या तिथे सगळ्यांना बोलावणे केले. संध्याकाळी इमारतीची बैठक बसली. कुत्रे अंगणात ठेवावे, जिन्यात आणू नये, माणसे झोपतात त्या वेळी मळ्याकडे फिरवून आणावे आणि त्याची घाण धन्याने काढावी, असे ठरले. चांगुणाने त्या दिवशी पोटभर भरीत खाल्ले. नवी पाटी रंगली आणि मी निघाले.

मला वाटले, आता भंगारात जायचे. पण चांगुणाने मला मागून नेले, मधोमध वाकवले आणि अंगणात चार विटांवर छपरासारखे टेकवले. मित्रांनो, नियम जरूर करा, दुसऱ्याची झोप मोडू नका. पण कोणाला हाकलण्याआधी तो जाणार कुठे, एवढे विचारा. माझी अक्षरे आता आतल्या बाजूला आहेत. त्यांच्याखाली भुऱ्या पाय पसरून घोरत असतो, आणि त्याच्या अंगावर ऊन येऊ नये, एवढीच मला काळजी असते.