कडूबाईचा हात

कडूबाईच्या आधी तिच्या आईची चार लेकरं गेली, म्हणून पाचवीला हे नाव पडलं. कडू वस्तूला काळसुद्धा तोंड लावत नाही म्हणतात. काळानं नाही लावलं. मोहनराव देशमुखांनी लावलं.

निजामाच्या राज्यात आष्टीजवळच्या त्या गावी मोहनरावांचा शब्द हाच कायदा. धनगराची ही विधवा त्यांच्याच जागेत झोपडी घालून राहायची आणि बदल्यात त्यांच्याकडे पाणी भरायची. अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, मुक्कामाला येणार, म्हणून मोहनरावांनी हैदराबादहून क्रोटनच्या चाळीस कुंड्या मागवल्या. फूल ना फळ, नुसता रंगीत पानांचा तोरा, मालकासारखाच. त्या ओसरीत पानाला पान भिडवून दाटीनं मांडल्या, वारा येईल तिथं वाळ्याच्या ओल्या ताट्या टांगल्या आणि हुकूम सोडला: रोज सांजेला झारीनं वरून अंघोळ घालायची, मग फडक्यानं पानन् पान पुसायचं.

"मालक, रातभर पान वलं राहिलं तर सडतंय," कडूबाई म्हणाली. "पानी बुडाला घालावं. कुंड्या लांब लांब ठिवाव्या."

"मेंढरं राखणारीनं मला बाग शिकवू नये!"

आठवड्यात एका झाडावर पाणचट डाग उठले, भोवती पिवळी कड. ते झाड उकिरड्यावर गेलं. पण त्याची पानं पुसलेलं ओलं फडकं बाकीच्यांवर फिरतच राहिलं, तिच्याच हातानं. महिन्यात एकोणचाळीस काटक्या उरल्या.

उकिरड्यावरचं झाड कडूबाईनं झोपडीपुढं वाऱ्याला ठेवलं. डागाळलेली पानं खुडली, पाणी फक्त बुडाला घातलं. त्याला नवी, तांबडी-पिवळी, स्वच्छ पानं फुटली. तिला वाटलं, आता मालकांना पटेल. भोळी बिचारी! कुंडी डोक्यावर घेऊन ती स्वतःच ओसरीवर गेली.

"बगा मालक. वारा अन् कोरडं पान, दुसरं कायबी केलं न्हाई."

मोहनरावांनी कुंडी पाहिली, काटक्या पाहिल्या. "माझी सगळी मेली अन् तुझं एकलंच कावून जगलं? कडू हात लावून माझ्या बागेचा जीव ह्यात ओढलास!"

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. सख्ख्या आईनंच कडू म्हटलेलं, मग पुरावा कशाला?

दिवस मावळायच्या आत झोपडी मोडली. चार वासे डोक्यावर घेऊन कडूबाई कडा गावच्या वाटेला लागली. कुंडी तेवढी मालकांनी ओसरीवरच ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तालुकदारांनी पानं निरखून तारीफ केली. मोहनराव कमरेत वाकले.

"हातगुण, हुजूर," ते म्हणाले. "आमचा हातगुण."