तंबाखूची पुरचुंडी

घटस्फोट झाला तेव्हा वर्नाला रडू आलं नाही. रडू आलं ते नकाशा पाहून. वस्तीच्या कार्यालयातल्या त्या नकाशात तिचं घर एका चौकोनात होतं आणि चौकोनावर नाव होतं लेस्टरचं, एकट्याचं. वर्ना सरोवरापलीकडच्या वस्तीतली. तीही अनिशिनाबे या मूळनिवासी जमातीचीच, पण तिचं नाव तिकडच्या वस्तीच्या यादीत. इथली राखीव जमीन तिच्या नावावर होणं शक्यच नव्हतं. भिंती मात्र दोघांनी मिळून उभ्या केल्या होत्या.

घर सुटलं, तर तेरा वर्षांच्या लेकीची, रेनाची, शाळाही सुटणार होती. तिच्या वकिलाने लेस्टरला पत्र धाडलं. त्याने उत्तर दिलं नाही; सरोवरावरचा बर्फ फुटला तरी नाही. जमिनीच्या समितीत शब्द चालायचा फिलोमिन आत्याचा, म्हणजे लेस्टरच्या सख्ख्या आत्याचा. "त्या भाच्याचीच बाजू घेणार," असं म्हणून वर्नाने त्यांच्या दारावरून जाणंही सोडलं. घरातली निम्मी भांडी तिने खोक्यांत भरून ठेवली होती.

समितीच्या बैठकीच्या आदल्या सकाळी मात्र तिने लाल फडक्यात चिमूटभर तंबाखू बांधला आणि ती आत्यांकडे निघाली.

आत्या ओट्यापाशी मासे साफ करत होत्या. वर्नाने पुरचुंडी टेबलावर ठेवली.

"टेबलाला काही विचारायचंय का?" आत्या वळून न बघता म्हणाल्या. "मला विचारायचं असेल तर माझ्या हातात दे."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि पुरचुंडी घेतली. तंबाखू हातात घेतला की रीतीप्रमाणे उत्तर देणं त्यांना भाग होतं.

"मला त्या घरात राहता येईल का, आत्या?"

"पाच महिने लागले तुला एवढं विचारायला?"

"तुम्ही लेस्टरच्या आत्या. मला वाटलं..."

"वाटलं म्हणे! नर्स झालीस, एवढी शिकलीस, आणि तंबाखू द्यायचा सोडून वकिलाचं पत्र पाठवतेस? कुणी विचारल्याशिवाय मी तोंड उघडलं असतं, तर म्हातारी लुडबुडते म्हणाली असती सगळी वस्ती."

"लेस्टरने विचारलं होतं?"

"ऐन थंडीत आला होता पुरचुंडी घेऊन. घर रेनाच्या नावावर करता येईल का म्हणाला. मी म्हटलं, येईल. ती इथलीच आहे. पण तिच्या आईला तू सांग."

"मला काहीच बोलला नाही तो."

"बोलेल कसा? मूग गिळून बसणारं पोर ते. तुला मागणीसुद्धा माझ्याच तोंडून घातली त्याने! त्यात वकिलाचं पत्र आलं. वाचाच बसली त्याची."

वर्नाला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी समितीने ठरवलं : जमीन रेनाची, ती सज्ञान होईपर्यंत जमिनीचा दाखला वस्तीच्या कौन्सिलकडे आणि घरात राहणार वर्ना. कारकुनाने नकाशावरचं नाव खोडून नवं लिहिलं.

बाहेर लेस्टर टोपी हातात फिरवत उभा होता. "होडी न् जाळी मी नेतो," तो म्हणाला. "मागच्या खोपटात माशांना धुरी द्यायला... येऊ का?"

"शुक्रवारी ये. पण आधी सांग. तोंडाने."

घरी रेना खोक्यांमध्ये उभी होती. "आई, काय झालं?"

"बशा काढ बाहेर," वर्ना म्हणाली आणि बूटही न काढता पलंगावर आडवी झाली. रेना पहिलं खोकं उघडेपर्यंत तिला झोप लागली होती.