खुर्चीत बसून राहण्याची तालीम

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची. श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेलं मूल घरी पाठवणं तेव्हा डॉक्टरांना वेडेपणा वाटे. पाठवलेली मुलं बहुधा आठवड्याभरात वॉर्डात परत येत, त्यामुळे डॉक्टरांचं फारसं चुकत नसे.

मुलं परत का येतात, याचं संशोधन मुलांच्या वॉर्डातली एक सिस्टर करत होती. घरोघर फिरून तिला कळलं ते असं: मुलांच्या आयांना सगळं येतं, पण वॉर्डात विचारायला शेजारी नर्स असते आणि घरी नसते.

म्हणून तिने टोकाच्या खोलीत तालीम सुरू केली. दिवसभर मुलाचं सगळं आईने करायचं. सिस्टरने खुर्चीत बसून बघायचं, बोलायचं नाही. तिला मुलाला हात लावावा लागला, तर तालीम फसली.

त्या दिवशी पाळी गोटीची होती. पावणेदोन वर्षांच्या गोटीने घर पाहिलंच नव्हतं.

"फसली तर पुन्हा कधी?" आईने मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं.

"पुन्हा नाही. मग ती इथेच बरी."

सकाळी आईने नळी साफ करायचं मशीन हातात घेतलं. "सिस्टर, कफ ओढू का?"

सिस्टरने भिंतीकडे पाहिलं.

"सिस्टर, एवढा पुरे?"

पुन्हा भिंत.

"अगं, त्यांनी आज मौन धरलंय," सोबतीला आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरात कुणी धरलं असतं, तर मी दहा वर्षं जास्त जगले असते."

दुपारी नळी तुंबली. मशीन लावूनही कफ येईना आणि गोटीचे ओठ काळपट पडू लागले. नळीच बदलायला हवी होती. सिस्टरला ते आईच्या आधी कळलं. इतक्या वर्षांची सवय. ती उठली आणि तिचा हात पुढे गेला.

"बसा हो खाली!" आई ओरडली आणि कोपराने तिला मागे सारलं. जुनी नळी निघाली, नवी बसली, मानेमागे फीत बांधली गेली. गोटीने भोकाड पसरलं. नळीमुळे आवाज फुटत नव्हता, पण तोंड भरपूर उघडलं होतं. ओठांचा रंग परतला.

मग आईच्या लक्षात आलं, आपण कुणाला ढकललं ते. "चुकलं हो सिस्टर."

"चुकलं कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा कुणाला न विचारता काही केलंस."

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हात लावावा लागला?"

"लावणार होते," सिस्टर म्हणाली. "लावू दिला नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग गोटीला घरी सोडण्याच्या कागदावर सही केली.

गोटी घरी गेली ती आठवड्याभरात काही परतली नाही. मोठे डॉक्टर पुढे परिषदांमधून या तालमीवर भाषणं देत. आपला विरोध होता हे ते विसरले, आणि कुणी आठवण करून दिली नाही. सिस्टरचा लेख छापून आला, नंतर ती नर्सिंग कॉलेजात शिकवायला गेली. सासूबाई झोपेतच गेल्या. आईने मग कुणालाच काही विचारायचं सोडलं, अशी गोटीच्या वडिलांची तक्रार आहे. गोटीची नळी सातव्या वर्षी निघाली. आता ती परगावी एकटी राहते आणि आईचे फोन उचलत नाही; खुर्चीत बसून राहायची पाळी आता आईची.