फुप्फुसातला फुगा

शर्टांच्या कारखान्यात काजं करणाऱ्या मावशींना क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते. खोकलाही बराच उतरला होता. पण त्या दुपारी मशीनवर ठसका लागला, त्यांनी सवयीने रुमाल धरला, तर रुमाल लालभडक. दुसराही तसाच. शेजारच्या बायका किंचाळत मागे सरल्या. मालकाने मात्र वेळ न दवडता गाडी काढली.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरबाई खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, जंतूंनी फुप्फुसातल्या एका रक्तवाहिनीची भिंत पोखरलीय. तिथे फुगा आलाय. तो पुन्हा फुटला तर जिवावर बेतेल. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची आणि तारेच्या गुंडाळ्या सोडून ती वाट बंद करायची."

"म्हणजे छाती फाडायची नाही?"

"अजिबात नाही. तुम्ही जाग्याच असाल. सोबत कोण आहे?"

"मीच आहे की माझ्यासोबत!" मावशी हसायला गेल्या आणि पुन्हा खोकल्या. सही त्यांनीच केली. धाकट्या बहिणीचा नंबर तेवढा लिहून दिला.

टेबल गारढोण होतं. डॉक्टरबाई पडद्यावर नजर ठेवून सारख्या बोलत होत्या. दुखतंय का? श्वास रोखा. सोडा आता. छान! इतका वेळ आपल्याशी कुणी शेवटचं कधी बोललं होतं, ते मावशींना आठवेना. "झालं, वाट बंद," हे ऐकून त्यांना हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही.

रक्त थांबलं. चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"ताई, आले असते गं, पण घरात नात तान्ही आहे."

"अगं, आता माझ्यापासून कुणाला लागण होत नाही. डॉक्टरच म्हणाल्या."

"हो का? बरं झालं बाई. गोळ्या चुकवू नकोस हं. ठेवते, दारावर कुणीतरी आलंय."

नवव्या दिवशी मावशी घरी आल्या. तीन मजले थांबत थांबत चढल्या. खोकला आला नाही. हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. कुलूप काढलं. ओट्यावर त्या सकाळचा कप तसाच होता, तळाशी चहा वाळून काळा झालेला. पिशवी खाली ठेवून त्यांनी तो भिजत घातला आणि पाणी भरेपर्यंत नळापाशी उभ्या राहिल्या.