मूठभर जुना भुसा

"पाचला येते. वास आला, तर त्या दोघींचा इथला वास संपला!" घरमालकीण काकू जिन्यावरून बजावून गेल्या आणि आपल्याच कोटीवर खुदकन हसल्याही.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हसू आलं नाही. दोघी म्हणजे तिच्या लेकीच्या जर्बिल. उंदराएवढ्याच, पण शेपटीला झुबका आणि डोळे काळ्या मण्यांचे. एकाच वेतातल्या बहिणी. लेक त्यांना थोरली-धाकटी म्हणायची. काकूंचा शब्द काळ्या दगडावरची रेघ; वास आला की दोघींची रवानगी ठरलेली.

बाईनं मशीन बंद केलं, बाह्या सरसावल्या. दोघींना बादलीत ठेवून काचेची पेटी रिकामी केली. भुसा, कुरतडलेल्या पुठ्ठ्याचं घरटं, सगळं पिशवीत कोंबून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पेटी गरम पाण्यानं घासली, वर सुवासिक फिनेल फिरवलं, कोरा भुसा अंथरला आणि दोघींना आत सोडलं.

"आई, या अशा काय बघतायत गं?"

थोरली मागच्या पायांवर ताठ उभी होती. धाकटी अंग फुगवून तिरकी तिरकी सरकत होती. क्षणात दोघींचा एकच गोळा झाला. भुसा उडाला, बारीक किंकाळी फुटली. बाईनं जाड कापड टाकून थोरलीला उचलून बादलीत ठेवलं, तोवर धाकटीच्या शेपटीच्या मुळाशी रक्त आलं होतं.

तिनं भावाला फोन लावला. तो जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर.

"सगळं धुतलंस?"

"अगदी चकाचक."

"ताई, अगं त्या तोंडं बघून नाही, वासानं ओळखतात! तू त्यांचं आडनावच धुऊन टाकलंस. ओला कोपरा तेवढा रोज काढायचा. भुसा बदलताना मूठभर जुना ठेवायचाच. आणि ते फिनेल कुणी सांगितलं होतं?"

"आता काय करू ते सांग. काकू येतीलच."

"फिनेल साध्या पाण्यानं धुऊन काढ. मधे जाळी लाव, जुना भुसा दोन्हीकडे घाल, रोज त्यांच्या बाजू बदल. आठ दिवस दुसरं काही धुवायचं नाही. नाहीतर एकच उरेल."

शेवटचं वाक्य लेकीनं ऐकलं. ती चप्पल न घालताच जिना उतरली, मागोमाग आई.

कचऱ्याच्या गाडीवाल्यानं डबा उचललाच होता.

"दादा, थांबा!"

"काय, सोनं टाकलंत?"

"भुसा!"

"भुसा?" तो बघतच राहिला, पण डबा खाली ठेवला. सालं, राख, ओले कागद यांत कोपरापर्यंत हात घालून बाईनं पिशवी ओढून काढली.

वर येऊन तिनं धाकटीला दुसऱ्या बादलीत ठेवलं, पेटी पुन्हा साध्या पाण्यानं खळबळून धुतली, पुसली. केक निववायची तारेची जाळी काचेत घट्ट बसेपर्यंत वाकवून मधे रोवली. अलीकडे एक, पलीकडे एक. पिशवीची गाठ सोडली आणि आंबूस वास खोलीभर झाला. तेवढ्यात दार वाजलं.

"हं! आला की वास!" काकूंनी रुमाल नाकाला लावला.

बाईच्या मुठीत भुसा होता. लेक तिच्याकडे बघत होती.

"आला," बाई म्हणाली, "आणि आठ दिवस येणार. मग ओला कोपरा तेवढा रोज काढेन. मी घासून घासून वास घालवला, तर सख्ख्या बहिणी एकमेकींच्या जिवावर उठल्या. हे रक्त बघा."

तिनं काकूंसमोरच मूठ सोडली, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. धाकटीनं धावत येऊन त्यात तोंड खुपसलं. थोरली मात्र जाळीवर दात घासत राहिली.

काकू वाकून बराच वेळ बघत होत्या. "आठ म्हणजे आठ. मग मी, माझं नाक आणि तुमची पेटी!"

रोज बाजू बदलल्या. तिसऱ्या दिवशीही थोरली जाळीला चावली. पाचव्या दिवशी नुसती हुंगून गेली. सहाव्या दिवशी दोघी जाळीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून निजल्या.

आठव्या दिवशी काकू आल्या तेव्हा बाई हातात जाड कापड धरून उभी होती. लेकीनं जाळी उचलली. धाकटी जागच्या जागी दबली. थोरली पुढे आली, नाकाला नाक लावलं आणि थांबली. बाईनं कापड पुढे धरलं.

मग थोरलीनं धाकटीचा कान चाटायला घेतला.

"पटली का गं ओळख?" काकूंनी हळूच विचारलं.

"पटली," लेक म्हणाली.

"मग आता तो ओला कोपरा तेवढा काढा," काकू म्हणाल्या, "बाकीच्याला हात लावाल तर खबरदार."